रविवारची घरकामं पावणेआठ तासांवरून खाली कशी आणायची?

चाफेकळी

नमस्कार. दोन बेडरूमचा फ्लॅट, पुणे, चार माणसं. आम्ही दोघं नोकरीला, मुलं ११ आणि ७ वर्षांची. सोसायटीला बोअरवेल आणि टँकरचं पाणी मिसळून येतं, त्यामुळे क्षार भरपूर. भांडी आणि केर-फरशीला मावशी येतात. रविवारी त्यांना सुट्टी असते आणि ती तशीच राहायला हवी.

गेले चार रविवार प्रत्येक कामाचा वेळ लिहून ठेवला. मशीन आपलं आपण फिरतं तो वेळ धरलेला नाही, फक्त हात गुंतलेला वेळ आहे:

कपडे (तीन वेळा मशीन, वाळत घालणं, घड्या): ७० मिनिटं
दोन बाथरूम-संडास: ८०
इस्त्री: ७५
भाज्या निवडणं, लसूण, आठवड्याची तयारी: ९०
गॅस, ओटा, चिमणी: ६०
जळमटं, पंखे, धूळ: ५०
वाणसामान आणून डब्यांत भरणं: ४०

बेरीज ७ तास ४५ मिनिटं. मशीन ७ किलोचं फ्रंट लोड. ओटा ग्रॅनाईटचा, बाथरूमला ग्लेझ्ड टाइल्स, बाल्कनीत कोटा फरशी. कुठलं काम कशानं कमी होईल ते नेमकं सांगा. "प्लॅनिंग करा" एवढंच नको, कृती आणि प्रमाण हवं आहे.

---

ठाणेकर_७

यादीत बाथरूम, गॅस-चिमणी आणि इस्त्री या तिघांचेच २१५ मिनिटं आहेत. या तिन्हींत साम्य असं, की काम आठवडाभर वाळत बसलेलं असतं. बाथरूममध्ये क्षार वाळतात, शेगडीवर तेल, कपड्यांत चुण्या. ओलं असताना जे अर्ध्या मिनिटात निघतं, त्यालाच वाळल्यावर पंधरा मिनिटं घासावं लागतं. त्यामुळे सुरुवात तिथून करा. रविवारी जास्त वेगानं घासून फार काही हाती लागणार नाही.

दुसरं म्हणजे क्रम. जे भिजवून ठेवायचं, फवारून ठेवायचं, मशीनला लावायचं, ते सगळं आधी. पहिल्या दहा मिनिटांत मशीन सुरू, चिमणीच्या जाळ्या टबात, बाथरूमच्या टाइल्सवर फवारा. मग त्यांचं त्यांचं काम होईपर्यंत हाताची कामं. बरेच जण एक काम संपवून दुसऱ्याला हात घालतात आणि भिजायला लागणारी २०-३० मिनिटं घासून भरून काढतात.

जळमटं आणि पंख्यांचा दिवस बदला. रविवारी धूळ खाली पाडली की केर परत तुम्हालाच काढावा लागतो. मावशी शनिवारी यायच्या अर्धा तास आधी झाडा, म्हणजे खाली पडलेलं त्यांच्या रोजच्या केरात जातं. क्रम वरून खाली: छताचे कोपरे, पंखे, कपाटांचे माथे, मग टेबल-खुर्च्या. पंख्याला जुना उशीचा अभ्रा पात्यावर मोज्यासारखा चढवायचा, दोन्ही हातांनी दाबून मागे ओढायचा, धूळ अभ्र्यातच राहते. अभ्रा किंचित ओला हवा. चिंब असेल तर धुळीचा चिखल होऊन पात्यावर रेघा उमटतात. पंखे दर आठवड्याला लागत नाहीत, पंधरा दिवसांनी पुरे. एका शनिवारी हॉल आणि स्वयंपाकघर, पुढच्या शनिवारी दोन्ही बेडरूम, असं केलं तर ५० मिनिटांची २० होतात.

---

खारं पाणी

बाथरूमबद्दल सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडच्या पाण्याला हेच काम सर्वांत जास्त वेळ खातं.

टाइल्सवरचा पांढरा थर म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो. त्यावर साबणाची वडी वापरत असाल तर साबण आणि कॅल्शियम मिळून एक चिकट, राखाडी साय धरते, ती साध्या पाण्यानं कधीच निघत नाही. दोन्हीचं मूळ टाइलवर सुकणारं पाणी. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: शेवटी अंघोळ करणाऱ्यानं काच, टाइल्स आणि नळामागची भिंत रबरी वायपरनं वरून खाली ओढायची. ४० सेकंद लागतात. वायपर बाथरूममध्येच, हाताला लागेल असा खिळ्याला टांगलेला हवा. गॅलरीत ठेवलेला वायपर कोणी आणायला जात नाही. नंतर एक्झॉस्ट १५-२० मिनिटं.

आठवड्याची सफाई अशी:

एक लिटर कोमट पाण्यात तीन मोठे चमचे (साधारण ४० ग्रॅम) लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड. किराणा दुकानात 'लिंबू फूल' म्हणूनही मिळतं. त्यात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. स्प्रेच्या बाटलीत भरायचं. टाइल्स कोरड्या असताना फवारायचं, कारण ओल्या टाइलवर द्रावण पातळ होऊन ओघळून जातं. १५ मिनिटं सोडायचं. थर जाड असेल तर बारीक बुडबुडे येताना दिसतील. ते थांबले की त्या फवाऱ्याचं काम संपलं, आणखी थांबून उपयोग नाही. मऊ ब्रश फिरवा, पाणी मारा, वायपर ओढा. तारेची घासणी नको. ग्लेझवर ओरखडे पडले की पुढचा क्षार त्याच ओरखड्यांत जाऊन बसतो आणि दर वेळी काम वाढत जातं.

नळाच्या बुडाशी फवारा टिकत नाही. तिथे जुनं फडकं द्रावणात बुडवून नळाला गुंडाळा, २० मिनिटांनी काढा. शॉवरची धार फाटली असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत द्रावण घेऊन पिशवी शॉवरला रबर बँडनं बांधा. क्रोमचा मुलामा असलेली वस्तू तासाभरापेक्षा जास्त भिजत ठेवू नका. नळाच्या तोंडची बारीक जाळी फिरवून काढता येते, तीही त्याच द्रावणात टाका. बादल्या-मग रात्रभर द्रावण भरून ठेवले तर सकाळी हातानं पुसून थर निघतो.

संडासाच्या भांड्यात क्लीनर ओतण्याआधी ब्रशनं तळातलं पाणी आत ढकलून पातळी खाली करा. क्लीनर पाण्यात पडला तर पाण्याच्या रेघेखालचा पिवळा थर तसाच राहतो आणि लोक बाटलीवर बाटली ओतत राहतात. अर्धा तास थांबा, मग ब्रश.

आता सावधगिरी, ही वगळू नका. संडासाचे बहुतेक क्लीनर म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. ते किंवा लिंबूसत्त्व कधीही ब्लीचबरोबर वापरायचं नाही, त्याच जागी एकामागोमाग एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

या पद्धतीनं दोन बाथरूमना हाताचे २५ मिनिटं लागतात. पहिल्या वेळी जास्त लागतील, कारण जुना थर दोन-तीन फवाऱ्यांत टप्प्याटप्प्यानं निघतो.

---

चाफेकळी

फारच उपयोगी. बाल्कनीतल्या कोटावर पांढरे, खरखरीत डाग आहेत. तिथेही हाच फवारा चालेल का?

---

खारं पाणी

अजिबात नाही. कोटा, शहाबादी, कडप्पा आणि संगमरवर हे सगळे चुनखडीच्या घराण्यातले दगड. आम्ल लागलं की दगडच विरघळतो, झिलई जाते. तुमचे खरखरीत पांढरे डाग कधीतरी सांडलेल्या संडास-क्लीनरचेही असू शकतात. तसे असतील तर ते पुसून निघणार नाहीत, पॉलिशच करावं लागेल. अशा फरशीला बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा अर्धा चमचा, बस. देवघराचा संगमरवर असेल तर तिथेही हेच. तुमच्या ग्रॅनाईटच्या ओट्याला लिंबूसत्त्वानं तसं काही होत नाही, पण टाइल्समधल्या सिमेंटच्या सांध्यांना वारंवार आम्ल लागलं तर ते झिजतात. म्हणून १५ मिनिटांनी भरपूर पाणी मारायचं.

फरशी पुसण्याबद्दलही एक. फिनेल किंवा फ्लोअर क्लीनर जास्त घातला की फरशीवर चिकट पापुद्रा राहतो, पाय चिकटतात आणि धूळ जास्त धरते. लेबलवर टोपणाचं माप दिलेलं असतं, तेवढंच बादलीत टाका.

---

दोरी-चिमटा

कपडे आणि इस्त्री मिळून १४५ मिनिटं. ही दोन कामं वेगळी धरू नका, इस्त्री मशीनमध्येच सुरू होते.

पहिलं, रविवारी तीन वेळा मशीन लावू नका. फ्रंट लोडमध्ये 'डिले स्टार्ट' असतो. रात्री कपडे भरायचे आणि धुणं सकाळी सहाला संपेल असं लावायचं. बुधवारी रंगीत, शुक्रवारी पांढरे आणि गणवेश, रविवारी फक्त चादरी-टॉवेल. धुऊन झालेले कपडे ड्रममध्ये तासन् तास पडू देऊ नका, कुबट वास तिथूनच येतो.

वर्गवारीचा वेळ वाचवायला एका टोपलीऐवजी तीन पिशव्या टांगा: पांढरे, रंगीत, जाड. ज्याचा कपडा त्यानं योग्य पिशवीत टाकायचा, बाह्या सरळ करून आणि खिसे तपासून. मोजे प्रत्येकाच्या वेगळ्या जाळीच्या पिशवीत, पिशवीसकट धुवायचे. मग जोड्या लावायचं कामच उरत नाही.

ड्रम किती भरायचा? कपडे सैल टाकल्यावर वरच्या बाजूला आडवा तळहात जाईल एवढी जागा राहिली पाहिजे. ठासून भरलं की पाणी फिरत नाही, साबण घडीत अडकतो आणि चुण्या पक्क्या होतात. शर्टांचा घाणा तर अर्धाच भरा. डिटर्जंट लेबलवरच्या मापानं. क्षाराच्या पाण्याला थोडं जास्त लागतं हे खरं, पण दारावर फेस भरलेला दिसत असेल तर ते माप चुकलंय. फेस जास्त झाला की मशीन स्वतःच जादा खळबळून काढतं, त्यात २०-३० मिनिटं वाढतात. गडद कपड्यांवर पांढरी पूड राहत असेल तर पावडर विरघळलेली नाही, लिक्विडवर या. कॉलर आणि मनगटाच्या पट्ट्यांवर लिक्विडचा थेंब चोळून १५ मिनिटं ठेवलं तर धुतल्यावर पुन्हा घासावं लागत नाही.

आता इस्त्री. शर्ट, कुर्ते, गणवेश यांना स्पिन मिनिटाला ८०० फेऱ्यांपेक्षा जास्त नको. जोरात पिळलेल्या सुती कपड्याला पडलेली चुणी वाळताना बसते. टॉवेल-चादरींना १००० ते १२००. मशीन थांबल्यावर दहा मिनिटांच्या आत शर्ट बाहेर काढा, खांद्याला धरून दोनदा झटका, हँगरवर चढवा, वरचं बटण लावा. ओल्या बोटांनी कॉलर, बटणपट्टी आणि खिसा खाली ओढून सरळ करा. ही तीन जागा ओल्या असताना सरळ झाल्या तर घरात किंवा रोजच्या कामावर घालायचे बहुतेक मिश्र धाग्याचे कपडे तसेच कपाटात जातात. हँगरवर वाळलेल्याची घडीही घालावी लागत नाही, उचलून टांगायचा.

उरले फक्त शुद्ध सुती आणि कडक हवे असलेले. आठवड्याला दहा-बारा नग असतील तर ते इस्त्रीवाल्याकडे द्या. ७५ मिनिटांची १५ होतात, आणि यासाठी काही खरेदी करावं लागत नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं. कपडा १२ तासांत वाळला नाही तर त्यात जंतू वाढून वास धरतो, आणि मग परत धुवावं लागतं. त्या महिन्यांत जादा एक स्पिन द्या, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, पंखा कपड्यांच्या खालून तिरका लावा. एसी असेल तर 'ड्राय मोड' हवेतलं पाणी ओढतो, खोलीचं दार बंद ठेवून दोन तास पुरतात. बाल्कनीच्या छताला कप्पीवर वरखाली होणारा स्टँड असेल तर सर्वांत जाड कपडे बाहेरच्या दांडीवर टाका, आत वारा पोचत नाही.

---

वाटणघाटण

स्वयंपाकाच्या तयारीतले ९० मिनिटं चांगले गुंतलेले आहेत, ते पूर्ण काढू नका. फक्त ज्या कामांनी आठवड्यात वेळ वाचत नाही ती बंद करा. बटाटे-वांगी चिरून ठेवू नका, काळी पडतात. कांदा चिरून ठेवला तर फ्रिजभर वास आणि चवीला उग्र. भेंडी चिरून ठेवली की चिकट होते, अख्खी धुऊन पूर्ण कोरडी करून ठेवा. कणीक एक दिवस ठीक, नंतर राखाडी पडते आणि पोळ्या वातड होतात.

ज्यांनी वेळ वाचतो ते:

लसूण. पाव किलो पाकळ्या सुट्या करून कोमट पाण्यात १५ मिनिटं. बुडखा कापला की साल ओल्या कागदासारखी सरकते. कोरड्या करून, तळाशी कागद घातलेल्या घट्ट डब्यात फ्रिजला आठ-दहा दिवस. सोललेला लसूण तेलात बुडवून फ्रिजबाहेर ठेवू नका. हवा नसलेल्या तेलात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि ते वासावरून-रंगावरून कळत नाही. पेस्ट हवी तर २०० ग्रॅम लसूण, १०० ग्रॅम आलं, एक चमचा मीठ, दोन चमचे तेल, पाणी शून्य. आठवड्याची फ्रिजमध्ये, बाकीची बर्फाच्या ट्रेमध्ये. पेस्ट हिरवट झाली तर ती बिघडलेली नसते, लसणातल्या गंधकाच्या संयुगांमुळे तसं होतं.

कांदा-खोबऱ्याचं वाटण. चार मध्यम कांदे उभे चिरून तपकिरी होईपर्यंत भाजा. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा. एकत्र भाजलं तर कांदा होईपर्यंत खोबरं करपतं. दहा-बारा लसूण पाकळ्या, इंचभर आलं. पूर्ण थंड झाल्यावर वाटा. गरम वाटलं की मिक्सरच्या झाकणाखाली वाफ कोंडून झाकण उडतं. पाणी अगदी चमचा-दोन चमचे, कारण जास्त पाणी म्हणजे फ्रीझरमध्ये बर्फाचे खडे आणि फोडणीत तडतडाट. ट्रेमध्ये गोठवा, मग खडे पिशवीत काढा. चार माणसांच्या रश्श्याला तीन-चार खडे. महिनाभर छान राहतं. मसाला आणि मीठ यात घालू नका, म्हणजे त्याच वाटणाची एक दिवस मटकीची उसळ, एक दिवस भरली वांगी होतात.

कोथिंबीर. धुऊ नका. मुळं कापा, सडलेलं एकेक पान काढा. एक काळं पान आत राहिलं की तीन दिवसांत सगळी जुडी काळी. पंख्याखाली अर्धा तास, मग कागदात गुंडाळून डब्यात. कागद ओला झाला की बदला. आठ-दहा दिवस टिकते. मेथी निवडून, न धुता, कापडी पिशवीत तीन-चार दिवस, म्हणून ती सोमवार-मंगळवारी संपवायची.

कडधान्य. हे रविवारचं काम नाहीच. शनिवारी रात्री मटकी भिजत घाला (एक वाटीची मोड आल्यावर अडीच-तीन वाट्या होतात). रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत मोड, थंडीत सोमवार सकाळ उजाडते. उपसताना तळाशी हात फिरवून गणंग काढा. न फुगलेला, खड्यासारखा कडक दाणा बोटाला लगेच कळतो. शिजल्यावर तो दाताखाली येतो, तेव्हा उशीर झालेला असतो. हाताचा वेळ एकूण पाच मिनिटं.

दाण्याचं कूट. अर्धा किलो एकदम. मिक्सर सलग फिरवू नका, बटण दाबत-सोडत तीन-चार झटके. सलग फिरवलं की तेल सुटून गोळा होतो.

मिक्सर लगेच धुवायचा असेल तर अर्धी वाटी पाणी, लिक्विडचे दोन थेंब, २० सेकंद फिरवा. पात्याखाली बोट घालून घासण्यापेक्षा हे स्वच्छ आणि सुरक्षित.

एकूण ५०-५५ मिनिटांत बसतं. लसूण आणि कोथिंबीर शनिवारी संध्याकाळी सगळे गप्पा मारत बसलेले असताना निवडली तर त्याहून कमी.

---

ठाणेकर_७

चिमणीच्या जाळ्यांचं राहिलं. टबात ८-१० लिटर कडक गरम पाणी, पाऊण वाटी धुण्याचा सोडा, एक चमचा भांड्याचं लिक्विड. अर्धा तास. तेल साबण होऊन सुटतं, घासावं लागत नाही. हातमोजे घाला.

---

तिसरी शिट्टी

वरच्या उत्तरात एक दुरुस्ती. हे प्रमाण स्टेनलेस स्टीलच्या बॅफल फिल्टरसाठी (विणलेल्या जाळीऐवजी वाकवलेल्या पट्ट्या असतात तो) बरोबर आहे. बारीक विणलेल्या अनेक थरांच्या जाळ्या असतील तर त्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात. धुण्याच्या सोड्यात त्या काळ्या पडतात आणि झिजतात, तो काळपटपणा परत जात नाही. त्यांना फक्त गरम पाणी आणि भांड्याचं लिक्विड. ओळखायचं कसं: लोहचुंबक चिकटला तर नक्की ॲल्युमिनियम नाही. चिकटला नाही तर खात्री होत नाही, कारण काही स्टीललाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा वजन बघा. ॲल्युमिनियमची जाळी हातात पुठ्ठ्यासारखी हलकी लागते. हीच सावधगिरी ॲल्युमिनियमच्या कढया आणि कुकरला.

चिमणी तळण सुरू करायच्या आधी लावा आणि गॅस बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा. फोडणी पडल्यावर लावली तर तोपर्यंतचं तेल टाइल्सवर आणि कपाटाच्या दारांवर जाऊन बसलेलं असतं. पुसायला तेच वेळ खातं.

शेगडी रोज रात्री कोमट असताना पुसायची, एक मिनिट. आठवड्यातून एकदा बर्नर बघा. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती दिसली तर भोकं बुजलेली आहेत, बहुधा उतू गेलेल्या दुधानं. तशा ज्योतीनं भांड्यांच्या बुडाला काजळी धरते आणि ती घासण्यात मावशींचाही वेळ जातो. रेग्युलेटर बंद करा, बर्नर थंड होऊ द्या. पितळी टोप्या अर्ध्या लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व घालून २० मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, भोकं पिनेनं मोकळी करा. पूर्ण सुकल्यावरच बसवा. आत पाणी राहिलं तर ज्योत तडतडते, आणि टोपी तिरकी बसली तर एका बाजूनं पिवळी जळते. ओट्यावर वाळलेला रस्सा खरवडू नका, गरम पाण्यातलं फडकं त्यावर पसरून पाच मिनिटं ठेवा.

कुकर आतून काळा पडत असेल तर तळाच्या पाण्यात एक आमसूल किंवा पिळलेल्या लिंबाची साल टाका. क्षारानं ॲल्युमिनियम काळवंडतं, थोडी आंबट चव ते थांबवते. रोज टाकलं की कुकर घासायची वेळच येत नाही.

---

चाफेकळी

सगळ्यांचे आभार, लिहून घेतलंय. दोन गोष्टी राहिल्या: वाणसामान, आणि डिशवॉशर घ्यावा का? रविवारी मावशी नसतात तेव्हाची भांडी मी वेळेत धरलेली नव्हती.

---

ठाणेकर_७

वाणसामानाचे ४० मिनिटं मुख्यतः ओतण्यात जातात. सगळं सगळ्या डब्यांत भरू नका. पाकीट कात्रीनं कापून चिमटा लावून तसंच एका मोठ्या डब्यात उभं ठेवा, बरणी रिकामी झाली की तेवढीच भरा. अर्ध्या भरलेल्या बरणीत नवं ओतणं हीच पोरकिड्यांची सोय. जुन्यातले किडे नव्यात जातात आणि मग चाळण्या-निवडण्यात एक सकाळ जाते. नवा रवा-मैदा पाकिटासकट चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग बाहेर काढला तर त्यातली अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पाकीट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरून गुठळ्या होतात.

आणि न विचारलेलं, पण मिनिटांच्या हिशोबात सर्वांत मोठं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात, पुरुषांचे ८८. "मदत कर" म्हणून वाटलेलं काम टिकत नाही, कारण आठवण ठेवणं आणि बघणं एकाच माणसाकडे राहतं. काम अख्खं द्या. एकाकडे दोन्ही बाथरूम असतील तर लिंबूसत्त्व संपत आलंय हे बघणं, आणणं, द्रावण करणं सगळं त्याचंच. ११ वर्षांच्या मुलाला हँगरवर कपडे चढवणं आणि वाळलेले ज्याच्या त्याच्या कपाटात पोचवणं पूर्ण जमतं. ७ वर्षांच्याला कोथिंबीर निवडणं, रुमाल-टॉवेलच्या घड्या. आम्ल आणि सोडा मुलांकडे नको. पहिले तीन-चार आठवडे घड्या वाकड्या येतील, त्या परत घालू नका. परत घातल्या की ते काम पुन्हा तुमच्याकडे येतं.

---

खारं पाणी

डिशवॉशर घ्यायचा तर आधी पाण्याचा कठीणपणा मोजा. टीडीएस मीटर त्यासाठी चालत नाही, तो सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो. कठीणपणाच्या कागदी पट्ट्या मिळतात, पट्टी बुडवून रंग जुळवायचा, आणि मशीनमधली मिठाची सेटिंग त्याप्रमाणे ठेवायची. सेटिंग कमी राहिली की आठवड्याभरात काचेचे ग्लास दुधी होतात आणि लोक साबण बदलत बसतात.

मीठ डिशवॉशरचंच हवं. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठीचे पदार्थ असतात, त्यांनी आतलं रेझिन, म्हणजे पाण्यातला कठीणपणा काढणारे आणि मिठानं पुन्हा ताजे होणारे मणी, खराब होतं. मीठ भरल्यावर लगेच एक फेरी चालवा. भरताना सांडलेलं खारं पाणी तळाच्या स्टीलवर रात्रभर राहिलं तर गंजाचे ठिपके पडतात.

लोखंडी तवा-कढई, ॲल्युमिनियम, पितळ-तांबं आणि बहुतेक नॉनस्टिक त्यात घालता येत नाही. तुमच्याकडे रविवारच्या भांड्यांत हीच जास्त असतील तर घेऊ नका, निम्मी हातानंच घासावी लागतील. ताटं-वाट्या, ग्लास, स्टीलची पातेली जास्त असतील तर उपयोग आहे. भांडी विसळून घालायची गरज नाही, फक्त भाताची शितं, कढीपत्ता, मोहरी खरकट्यात झटकून टाका. तीच तळाच्या जाळीत अडकतात. जाळी आठवड्यातून एकदा फिरवून काढून नळाखाली धरायची.